कॉलनीतला रस्ता कोणाच्या नावावर आहे, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या फोंडा तालुक्यात पंचायत हद्दीत प्लॉट पाडून उभी राहिलेली कॉलनी, साठेक घरे आणि मध्ये दोन इमारती. रस्ता उखडलेला, पावसात खालच्या ओळीतल्या घरांत पाणी, वळणावर कचऱ्याचा ढीग, आणि जवळजवळ एक तृतीयांश घरांना कायमचे कुलूप. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, त्यावर रोज तक्रारी येतात, आणि आता संघटना नोंदवावी असा सूर निघाला आहे. नोंदणी कशी करायची, वर्गणी किती ठेवायची आणि न देणाऱ्यांचे काय करायचे, हे तुम्हाला हवे आहे.

फोंडा आणि पर्वरीच्या कॉलन्यांत मी पुष्कळ वर्षे सचिवाचे काम केले आहे, शेजारच्या कॉलन्यांना कागदपत्रांत मदतही केली आहे. त्यावरून सांगतो: नोंदणी अवघड नाही आणि तिची घाईही नाही. आधी कॉलनीचा मंजूर आराखडा मिळवा. शहराच्या नियोजन क्षेत्रात असाल तर तो पीडीएकडे, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाकडे, मिळेल, नाहीतर नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात. पंचायतीकडेही एक प्रत असायला हवी. नुसती झेरॉक्स नको, प्रमाणित प्रत घ्या. तिच्यावर रस्ते, गटारे आणि राखीव मोकळी जागा दाखवलेली असते. मग त्या सर्व्हे क्रमांकांचे एक-चौदाचे (जमिनीच्या मालकीचे) उतारे काढा आणि रस्त्याची व मोकळ्या जागेची जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहा.

बहुतेक जुन्या कॉलन्यांत इथेच गाठ सापडते. भाटकाराने, म्हणजे मूळ जमीनमालकाने, किंवा बिल्डरने प्लॉट विकले, पैसे घेतले, पण रस्ते आणि मोकळी जागा पंचायतीच्या स्वाधीन करण्याचे राहून गेले. उताऱ्यावर अजून त्याचेच नाव. मग तुम्ही दरवर्षी डांबरीकरणाचा अर्ज देता, पंच (पंचायतीचा सदस्य) तोंडभर आश्वासन देतो, आणि फाइल कुठेतरी अडते. रस्ता खासगी जमिनीत दिसत असेल तर त्यावर सरकारी पैसा घालायला पंचायतीचा सचिव आणि अभियंता दोघेही कचरतात, आणि त्यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांचे चूकही नाही. लोक मात्र यात राजकारण शोधत बसतात, आणि त्यात वर्षे जातात.

यावर उपाय म्हणजे नोंदणीकृत दानपत्र. मूळ मालकाने रस्ते आणि मोकळी जागा पंचायतीला द्यायची, पंचायतीने ती स्वीकारल्याचा ठराव घ्यायचा, उपनिबंधकाकडे दस्त नोंदवायचा आणि त्यानंतर म्युटेशन (फेरफार) करून उताऱ्यावर पंचायतीचे नाव चढवायचे. हे मालक हयात असतानाच उरकून घ्या, असे मी प्रत्येक कॉलनीला कळकळीने सांगतो. आपल्याकडे पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने नवराबायकोची मालमत्ता साधारणपणे समाईक असते, त्यामुळे स्थावर देताना दोघांच्याही सह्या लागतात. मालक गेला की वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, होते. त्यात मुले, सुना, जावई, कोणी लिस्बनला, कोणी आखातात, आणि तुमच्या पाच मीटर रुंदीच्या रस्त्यासाठी सगळ्यांच्या सह्या किंवा मुखत्यारपत्रे गोळा करावी लागतात. म्हाताऱ्या भाटकाराला घरी जाऊन, आदराने, आराखडा समोर ठेवून समजावले तर बहुधा तो नाही म्हणत नाही. रस्त्यात त्याचा आता काही फायदाही उरलेला नसतो. मोकळ्या जागेबाबत मात्र सावध राहा. जमिनीचे भाव वाढले की त्या तुकड्यावर नवा प्लॉट पाडायचा मोह होतो. तसे काही कानावर आले तर त्याच आठवड्यात आराखड्याची प्रत जोडून पंचायतीला आणि नगरनियोजन खात्याला लेखी हरकत द्या.

रस्ता पंचायतीला दिला की तो सार्वजनिक होतो, हेही सभेत सर्वांना आधीच सांगा. काही घरांना कॉलनीच्या तोंडाशी गेट आणि रखवालदार हवा असतो, आणि डांबर पंचायतीचे हवे असते. दोन्ही एकदम मिळत नाही. गेट हवे असेल तर रस्ता, दिवे, गटार सगळे कायमचे तुमच्या खर्चाने. साठ घरांच्या, त्यातही बंद घरांच्या कॉलनीला तो भार झेपत नाही. माझे मत स्पष्ट आहे: रस्ता द्या, गेटचा नाद सोडा.

आता नोंदणी. कॉलनीची संघटना साधारणपणे 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवली जाते. किमान 7 सदस्य लागतात. संस्थेचे नाव, उद्दिष्टे आणि पहिल्या कार्यकारिणीची नावे, पत्ते, व्यवसाय असलेले घटनापत्र आणि सोबत नियमावली, एवढे सोसायटी निबंधकाकडे द्यायचे. तुमच्या दोन इमारतींचे प्रकरण वेगळे. लिफ्ट, जिना, पाण्याची टाकी, गच्ची यांसाठी त्यांनी सहकारी संस्था कायद्याखाली आपली देखभाल सोसायटी करावी, गोव्याचा तो कायदा 2001 चा आहे. इमारतीची सोसायटी आणि कॉलनीची संघटना यांची मोट बांधू नका. लिफ्टचा खर्च बंगलेवाल्यांच्या माथी येतो की काय, या नुसत्या शंकेवरून चांगली सुरुवात मोडते. इमारतीतल्या प्रत्येक सदनिकेला कॉलनीच्या संघटनेत स्वतंत्र सदस्यत्व द्या, म्हणजे त्यांनाही आपण उपरे आहोत असे वाटणार नाही.

नियमावली वकिलाकडून तयार साच्यात घेतलीत तरी चार गोष्टी स्वतः बसून लिहा. सदस्यत्व घरामागे एक आणि मत घरामागे एक. भाडेकरूला सहसदस्य करा. त्याला मत नसले तरी सभेत बोलायचा हक्क असू द्या, कारण कचरा आणि पाणी त्याच्याही दाराशी आहे. कार्यकारिणीची मुदत दोन वर्षे, आणि सचिव व खजिनदार एका घरातले किंवा नात्यातले नकोत. चौथी गोष्ट नाजूक आहे: सध्याचा पंच किंवा त्याच्या घरातले कोणी पदाधिकारी नको. पंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नसल्या तरी कोण कोणत्या गटाचा हे गावात सर्वांना ठाऊक असते. संघटनेवर एका गटाचा शिक्का बसला की दुसऱ्या गटाची घरे वर्गणी बंद करतात आणि पुढच्या निवडणुकीत मंडळ बदलले की तुमची पत्रे बाजूला पडतात. पंचाला सभेला जरूर बोलवा, त्याचे आभार माना, काम झाले तर श्रेयही त्यालाच द्या.

सोसायटी नोंदणी कायद्याप्रमाणे दरवर्षी सर्वसाधारण सभेनंतर 14 दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. नोंदणी करून हे विसरलेल्या संस्था पुष्कळ आहेत. मग बँकेत सह्या बदलायच्या वेळी किंवा कोर्टात जायच्या वेळी तारांबळ उडते. उद्दिष्टे बदलायची असतील तर त्याच कायद्यात लांबची वाट आहे: 10 दिवस आधी सूचना, विशेष सभेत तीन पंचमांश मते, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढीच. म्हणून उद्दिष्टे पहिल्यांदाच नीट, पुरेशी रुंद लिहा.

वर्गणी न देणाऱ्यांबद्दल तुम्ही विचारले. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत नाही आणि त्याला सदस्य म्हणून मोजायचेही नाही, असे कायद्याच्या 15 व्या कलमातच आहे. हे तुमच्या बाजूचे आहे, कारण बंद घरांमुळे गणसंख्या भरत नाही ही अडचण त्याने सुटते. त्यापलीकडे दंड, नावांचा फलक, पाणी तोडण्याच्या धमक्या या वाटेला जाऊ नका. सदस्य नसलेल्या माणसावर संघटनेचा कोणताही अधिकार चालत नाही. वर्गणी लहान आणि वर्षाची एकदम ठेवा. महिन्याला 100 रुपये धरले तर घरामागे वर्षाला 1,200. साठ घरांचे 72,000 होतात, पण तुम्ही अंदाज 48,000 चा करा, म्हणजे दोन तृतीयांश घरे देतील असे धरून. तेवढ्यात पावसाआधीची गटारांची साफसफाई, गवत कापणे, पत्रव्यवहार, सभेचा खर्च आणि थोडी शिल्लक बसते. कॅमेरे, रखवालदार, बाग असल्या गोष्टी पहिल्या वर्षी काढूच नका. काम दिसले की दुसऱ्या वर्षी लोक आपण होऊन विचारतात.

बंद घरांच्या मालकांना मागणीपत्र नको, माहितीपत्र पाठवा. मुंबईत, पुण्यात, आखातात किंवा जहाजावर असलेल्या माणसाला एकच काळजी असते, आपले घर शाबूत आहे ना. पावसाळ्यात एखाद्या कार्यकर्त्याने बाहेरून फोटो काढून पाठवले, कुंपणावर पडलेली फांदी कळवली, तर त्याच संध्याकाळी वर्गणी खात्यावर येते. मी हे वारंवार पाहिले आहे.

पॅन काढा, बँकेत संस्थेच्या नावाने खाते उघडा, दोन सह्या ठेवा. पहिल्या दिवसापासून वर्गणी कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा मोबाइल नंबरवर घेऊ नका, माणूस कितीही सज्जन असो. सदस्यामागे महिन्याला 7,500 रुपयांपर्यंतच्या वर्गणीला जीएसटीची सूट आहे, तेव्हा ती चिंता तुम्हाला नाही. ठेवीवरच्या व्याजावर मात्र आयकर लागू शकतो. हिशेब दर तीन महिन्यांनी कागदावर, घरोघरी.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट मी सर्वात महत्त्वाची मानतो. आपल्या कॉलन्यांत वर्षाची सत्यनारायणाची पूजा असते, कुठे खुरसाकडे (क्रुसाकडे) लादाईन, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना, असते, दिवाळीच्या आदल्या रात्री मुलांचा नरकासुर असतो. हे सगळे व्हावे, त्यातूनच माणसे एकमेकांना ओळखतात. पण त्याचा पैसा संघटनेच्या वर्गणीतून एक रुपयाही जाता कामा नये. वेगळी समिती, वेगळी पावती, ज्याला द्यायचे त्याने द्यावे. तुमच्या साठ घरांत ख्रिस्ती घरे असतील, मुसलमान घरे असतील. गटारासाठी दिलेल्या पैशांतून पूजेचा मंडप घातला असे त्यांना एकदा वाटले, की ती घरे तोंडावर काही न बोलता बाजूला होतात आणि परत येत नाहीत. याच कारणाने मोकळ्या जागेत घुमटी किंवा खुरीस बांधायचा प्रस्ताव आला तर तो नम्रपणे पण ठामपणे नाकारा. ती जागा आराखड्यात सर्वांच्या वापरासाठी आहे, आणि एकदा बांधकाम झाले की तिथून माघार कोणालाच घेता येत नाही. सूचना मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत काढा. रोमीत (रोमन लिपीत) कोंकणी वाचणारी म्हातारी माणसे असतील तर त्यांच्यासाठी तीही.

आता प्रत्यक्ष काम. संघटनेचे मुख्य काम म्हणजे पंचायत, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खाते), वीज खाते, आरोग्य केंद्र यांच्याकडून त्यांचे काम करवून घेणे. त्यांचे काम आपल्या पैशाने करू लागलात की ते कायमचे तुमच्याच गळ्यात पडते. म्हणून प्रत्येक तक्रारीला आधी मालक शोधा. पथदिवा कोणाचा, मुख्य गटार कोणाचे, व्हाळावरची (ओढ्यावरची) मोरी कोणाची. मग एका विषयाचे एक पत्र, सोबत फोटो, आराखड्यावर जागा खूण केलेली, आणि आवक शिक्का मारलेली प्रत फाइलमध्ये. पाच तक्रारी एका पत्रात घातल्या तर ते पत्र पाच टेबलांवर फिरते. 30 दिवसांत हालचाल नाही दिसली तर माहिती हक्काचा अर्ज करा: अमुक तारखेच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, टिपणीच्या प्रती द्या. माहितीचा हक्क नागरिकाला आहे, म्हणून अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर न करता एका सदस्याच्या नावाने करा. उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते, आणि अनेकदा उत्तराच्या आधी कामच सुरू होते.

ग्रामसभेचे बळ मोठे आहे, पण कॉलनीतली माणसे तिथे दुबळी पडतात, आणि याचे कारण फार थोडे लोक लक्षात घेतात. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या पंचायतीच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. कॉलनीतल्या पुष्कळ घरांची मते अजून सत्तरीला, पेडण्याला, काणकोणला, मूळ गावी असतात. देव तिथला, चवथ तिथली, म्हणून मतही तिथेच ठेवायची भावना मी समजतो, त्यावरून कोणाला बोलू नये. पण पंचाच्या दृष्टीने तुमच्या साठ घरांत वीसच मते असतील तर तो वीस मतांइतकेच ऐकणार. ज्यांना पटेल त्यांनी निवडणूक आयोगाचा 8 नंबरचा फॉर्म भरून पत्ता बदलून घ्यावा. निदान काही घरे तरी इथली मतदार झाली की तुमचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. ग्रामसभेत अमुक झाले पाहिजे असे मोघम बोलून खाली बसू नका. लेखी ठराव आधी देऊन ठेवा, आणि इतिवृत्तात तो कसा लिहिला गेला ते पुढच्या सभेच्या आधी वाचा.

पावसाचे पाणी हा तुमचा सर्वात जुना त्रास दिसतो. जूनमध्ये आरडाओरड करून काही होत नाही. मार्चमध्ये आराखडा घेऊन गटारांच्या रेषेने चाला. खालच्या ओळीत पाणी शिरते तेव्हा बहुधा वरच्या कोणीतरी गाडी आत घेण्यासाठी गटारावर काँक्रीट घातलेले असते किंवा कुंपण पुढे सरकवलेले असते. त्या माणसाकडे पत्र घेऊन जाऊ नका, दोन ज्येष्ठ माणसे घेऊन चहाला जा आणि काढता येतील अशा लोखंडी जाळ्या बसवायचा पर्याय द्या. ऐकलेच नाही तर पंचायतीकडे तक्रार. वीज खात्याला तारांवरच्या फांद्यांचे पत्र एप्रिलपर्यंत जायला हवे. धोकादायक झाड पाडायचे असेल तर 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते, आणि ती मे अखेरीस मागितली तर पावसाआधी हाती येईलच असे नाही. शेजारी बांधकाम चालू असेल तर टाक्यांतले साचलेले पाणी आणि कामगारांची आरोग्य कार्डे याबद्दल आरोग्य केंद्राला कळवा. आपल्याकडे डेंगी आणि मलेरियाच्या तपासणीसाठी ती यंत्रणा चालू असते, फक्त कोणीतरी सांगावे लागते.

कचऱ्याबाबत घनकचरा नियमांनी रहिवासी संघटनांवरच जबाबदारी टाकली आहे: वर्गीकरण करून घेणे, सुका कचरा वेगळा देणे, ओला शक्यतो आवारातच जिरवणे. बंगल्यांच्या कॉलनीत ओला कचरा परसातच खड्ड्यात किंवा पिंपात जिरतो, बाहेर यायचे कारण नाही. पंचायतीच्या गाडीचे वार ठरवून घ्या आणि ते वार पाठ होईपर्यंत ग्रुपवर आदल्या रात्री टाका. वळणावरचा ढीग बहुतेक वेळा बाहेरचे लोक करतात असे आपण म्हणतो. एकदा हातमोजे घालून तो ढीग उलगडा, त्यात निघणाऱ्या कागदांवरचे पत्ते पाहा, मग बोला. माडाची चुडते आणि पाने जाळायची सवय मोडायला वेळ लागेल, पण ती मोडायलाच हवी. धूर शेजारच्या दम्याच्या माणसाच्या खोलीत जातो.

उरलेली भांडणे तीनच. कुत्र्यांना खायला घालण्यावरून वाद होतोच: 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालायची सोय आणि जागा ठरवणे हे रहिवासी संघटनेचे काम आहे, मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि जिन्यापासून दूर. दोन्ही बाजूंना एकत्र बसवून जागा आणि वेळ ठरवा आणि नसबंदीची मागणी पंचायतीकडे लावून धरा. आवाजाला रात्री 10 ते सकाळी 6 ची मर्यादा आहे, ती नरकासुराला आहे आणि वाढदिवसाच्या पार्टीलाही आहे. नरकासुराचे लोखंडी सांगाडे सकाळी कोण उचलणार हे आदल्या आठवड्यात मुलांकडूनच ठरवून घ्या. ती मुले पुढे तुमची सर्वात कामाची माणसे ठरतात. तिसरे भांडण भाडेकरूंचे. पोलीस ठाण्यात पडताळणीचा फॉर्म दिला का, एवढे घरमालकाला विचारा. अविवाहितांना घर नको, अमुक जातीच्या किंवा धर्माच्या माणसाला नको, बाहेरच्या राज्यातल्यांना नको, असला ठराव कोणी मांडला तर अध्यक्षाने तो सभेपुढे येऊच देऊ नये. तो अन्यायाचा आहे, आणि संघटनेला तसा अधिकारही नाही.

पहिली सभा चवथीच्या आसपास ठेवू नका, अर्धी कॉलनी गावी असते. एखादा रविवार सकाळचा धरा, मात्र मिस्साची (चर्चमधल्या प्रार्थनेची) वेळ टाळून. सभेत तीनच विषय घ्या: आराखड्याची प्रत कोण आणणार, नियमावली लिहायला कोण बसणार, आणि तात्पुरता सचिव कोण. त्या तिघांत निदान एक बाई असू द्या. दिवसभर कॉलनीत काय चालते ते त्यांना पुरुषांपेक्षा जास्त ठाऊक असते, आणि पंचायतीच्या खिडकीवर उभे राहून चिकाटीने प्रत मिळवणाऱ्या बायका मी जास्त पाहिल्या आहेत. आराखडा आणि उतारे हाती आले की रस्त्याची जमीन कोणाच्या नावावर निघाली ते कळवा. पहिले पत्र भाटकाराला लिहायचे, बिल्डरला की पंचायतीला, ते त्यावरच ठरेल.